दाखवायचा ओटा

कारखान्याला टाळं लागलं आणि मी धंद्यात पडलो. पहिलं काम केलं ते व्हिजिटिंग कार्डं छापून घेण्याचं. दुसरं काम काही केल्या मिळेना.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. अंबडच्या त्या कारखान्यात मी मेंटेनन्सला होतो. पंप बिघडला, नळ गळला, फरशी उखडली, भिंतीला ओल आली, की माझ्या नावाने हाक. त्यामुळे लोकांची जुनी घरं नवी करून द्यायचा धंदा आपल्याला सहज जमेल, असं मला वाटलं. त्यात नाशिकमध्ये तेव्हा जो उठेल तो घर तोडत होता. सिडकोतल्या माणसांना मागच्या बाजूला खोली वाढवायची होती, इंदिरानगरवाल्यांना कडाप्पा काढून ग्रॅनाइट बसवायचा होता, कुणाला मोरी मोडून बाथरूम हवी होती, कुणाला फळ्या उतरवून स्टीलच्या ट्रॉल्या. कामं अशी रस्त्यावर सांडलेली, आणि मी कोरडाच.

"आधी कुठं केलंय काम? ते दाखवा."

हे वाक्य मी जाळीच्या दारांआडून ऐकलं, फाटकावर ऐकलं, एकदा तर गच्चीवरून पापड वाळत घालणाऱ्या बाईकडूनही ऐकलं. त्यांचं चुकत होतं असं नाही. आयुष्यभराची कमाई ओतून माणूस घर घेतो, ते तोडायला तो कुणा सोम्यागोम्याच्या हातात छिन्नी कशाला देईल? पण काम दाखवल्याशिवाय काम नाही, आणि काम मिळाल्याशिवाय मी दाखवणार काय? मला त्या वाक्याचा इतका राग यायचा की परतताना स्कूटरला किक मारताना पाय दुखून यायचा.

मग मी ढिगारे हेरायला लागलो. एखाद्या बंगल्यासमोर तोडलेल्या विटांचा, फुटक्या फरशीचा ढीग दिसला की समजायचं, इथे काम चाललंय. शेजाऱ्यांनाही खाज सुटलेली असणार. मी त्या ढिगाऱ्याच्या डाव्या-उजव्या घरांची बेल वाजवायचो. एकदा कॉलेज रोडच्या बाजूला असाच उभा होतो, तर काम चाललेल्या घरातला मिस्त्री फळी घेऊन बाहेर आला आणि म्हणाला, "ओ शेठ, दुसऱ्याच्या ताटात हात घालता व्हय?" मी शेठ नव्हतो, हे त्याला माझ्या चपला पाहूनही कळायला हवं होतं.

तसं दाखवण्यासारखं एक काम माझ्याकडे होतं. कारखान्यातल्या एका मित्राची बाथरूम. चांगली केली होती, उतार बरोबर, कुठे थेंबभर पाणी साचत नव्हतं. एका गिऱ्हाइकाला ती दाखवायला घेऊन गेलो, तर आत मित्राचे वडील आंघोळीला बसलेले. त्यांचं स्तोत्र चालू होतं. आम्ही पॅसेजमध्ये उभे. एक स्तोत्र संपलं, दुसरं सुरू झालं. गिऱ्हाईक घड्याळ बघतंय, मी बाहेरूनच "पाण्याचा आवाज ऐका साहेब, कसं झरझर जातंय" असं सांगतोय. गिऱ्हाईक निघून गेलं. त्यानंतर मित्राने मला बाजूला घेऊन सांगितलं, "राग मानू नकोस, पण माणसं नको आणत जाऊस घरी. बायकांची आंघोळ असते, कपडे वाळत असतात." माझा एकुलता एक पुरावा तिथे संपला.

याच सुमाराला सासऱ्यांचा निरोप आला. त्यांची घोटीला भाताची गिरणी. हाताशी मुलगा नव्हता, दोन मुलीच, त्यातली धाकटी माझी बायको. निरोप गोड होता: "जावईबापू, दिवाळीनंतर भाताचा हंगाम सुरू होतो. गादीवर बसायला घरचं माणूस पाहिजे. वरच्या दोन खोल्या रिकाम्याच आहेत. दिवाळीपर्यंत तिकडं जमलं तर जमलं, नाहीतर सरळ इकडं या."

आता यात वाईट काय होतं? काहीच नाही. सासरे भला माणूस. पण सासऱ्यांच्या गिरणीत, सासऱ्यांच्या गादीवर, सासऱ्यांच्या माडीवर जन्म काढायचा, या विचाराने माझ्या घशाखाली घास उतरेना. मला वाटलं होतं बायको तरी खूश होईल. तिचं माहेर ते. ती म्हणाली, "माहेरी पाहुणी म्हणून जायचं असतं. बाडबिस्तारा घेऊन नाही. तिथं मी परत आप्पांची धाकटी होईन आणि तुम्ही धाकटीचा नवरा. तुम्ही काहीही करा, पण दिवाळीआधी काम मिळवा."

काहीही करा, असं ती म्हणाली, आणि मी जे केलं ते सगळ्यात जास्त तिलाच निस्तरावं लागलं.

पाथर्डी फाट्याजवळ आमचा दुसऱ्या मजल्यावर छोटा फ्लॅट होता. कारखान्याकडून सुटताना जे हातात पडलं होतं त्यातून मी आमचंच स्वयंपाकघर तोडलं आणि नव्याने बांधलं. दुसऱ्याच्या बाथरूमपुढे ताटकळायला नको, आपल्याच घरात नमुना. काळाभोर ग्रॅनाइटचा ओटा, त्याला गोल केलेली कड, स्टीलचं सिंक, खाली ट्रॉल्या, मागे पांढऱ्या टाइल्स आणि मधूनमधून फळांच्या टोपलीचं चित्र असलेली टाइल. तेव्हा त्या टोपलीवर बायका जीव टाकायच्या. मिस्त्री पेठ तालुक्यातला, ताडमाड उंच गडी, हात अतिशय साफ. ओटा केवढा उंच घ्यायचा असं मी विचारलं, तर तो भिंतीला जाऊन उभा राहिला आणि आपल्या कमरेशी हात आडवा धरून खूण केली. "म्या समद्या घरात असाच घेतो सायेब. कंबरंला लागला का बराबर."

मी मान डोलावली. आम्ही दोघं पुरुष. आमच्यातल्या कुणी आयुष्यात त्या ओट्यावर भाकरी थापणार नव्हतं.

ओटा झाला त्या दिवशी बायकोने दूध उतू घातलं. शेगडीची पूजा केली, हळदीकुंकू वाहिलं. मी टाइल्सच्या सरळ रेषा बघत होतो. दूध फेसाळून ग्रॅनाइटवर सांडलं, मी लगेच फडकं आणून पुसलं आणि म्हणालो, "आता इथे चार दिवस स्वयंपाक नको करूस. माणसं बघायला येतील. तेलकट झालं तर नव्याची शान जाईल."

"मग जेवायचं काय, टोपलीतली फळं?"

"गॅलरीत स्टोव्ह लाव ना. चार दिवसांचा तर प्रश्न आहे."

ते चार दिवस चैत्रात सुरू झाले. आषाढ गेला, श्रावण गेला, तरी संपले नाहीत.

गॅलरीत वातीचा स्टोव्ह, शेजारी पाट, त्यावर बायको. पांडवलेण्यांच्या डोंगराकडून वारा सुटला की स्टोव्हची ज्योत आडवी व्हायची, मग ती पदर आड धरून फोडणी द्यायची. पावसाळ्यात मी ताडपत्री बांधून दिली, तर पाणी ताडपत्रीवरून थेट कढईत. भांडी बाथरूममध्ये घासायची, कारण सिंक कोरडं चकचकीत राहायला हवं. पीठ, डाळी, तेल, मीठमसाला सगळं गॅलरीतल्या खोक्यात. आत ओट्यावर मी स्टीलचे डबे उतरत्या भाजणीने मांडून ठेवले होते, रोज सकाळी वर्तमानपत्राने पुसायचो. बायको एकदा म्हणाली, "माझ्या आजीच्या सोवळ्यातसुद्धा निदान स्वयंपाक व्हायचा."

मी हसलो नाही. हसण्याच्या पलीकडे गेलो होतो. माणसं येत होती, हेच तर जास्त वाईट होतं. टाइल्सच्या दुकानात, हार्डवेअरवाल्याकडे मी कार्डं ठेवली होती, तिथून कुणी ना कुणी यायचं. यायचं, ग्रॅनाइटवर हात फिरवायचं, ट्रॉल्या आतबाहेर करायचं, "छान आहे" म्हणायचं, बायकोने गॅलरीतून आणलेला चहा प्यायचं आणि मग तेच: "हे तुमचं स्वतःचं झालं. दुसऱ्या कुणाकडं केलंय का?" एक गृहस्थ तर म्हणाले, "स्वतःचं घर तर कुणीही जीव ओतून करतो." ते गेल्यावर मी बाथरूममध्ये नळ सोडून रडलो. खोटं कशाला सांगू? दिवाळी जवळ येत होती आणि मी अंगाने, मनाने सुकत चाललो होतो. सासऱ्यांकडून शेजारच्यांच्या फोनवर निरोप यायचे, वरच्या खोल्यांना चुना मारून घेतलाय म्हणून.

पितृपक्षात त्या बाई आल्या. शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, उंच, ताठ, करड्या केसांचा घट्ट अंबाडा. गंगापूर रोडला त्यांचा जुना बंगला होता आणि तळमजला सगळा नव्याने करायचा होता. स्वयंपाकघर, दोन बाथरूम, फरशी. "पक्ष चालू आहे, आता मी कुणाला काम देणार नाही," दारातच त्यांनी सांगितलं. "घटस्थापनेला सुरू करायचं आहे. दिवाळीचा फराळ नव्या ओट्यावर झाला पाहिजे. तोवर माणसं बघून ठेवते आहे."

मी "मॅडम, मॅडम" करायला लागलो. "बाई म्हणा. सगळं नाशिक बाईच म्हणतं," त्या म्हणाल्या.

एवढं मोठं काम माझ्या दारात पहिल्यांदाच आलं होतं. हे मिळालं तर घोटी टळणार होती. मी बोलत सुटलो. ग्रॅनाइट कुठून आणला, सांधा कुठे आहे तो शोधून दाखवा, सिंकखाली हात घालून बघा कुठे ओल लागते का. बाई ऐकत होत्या. मग त्यांनी ओट्यावरचा सगळ्यात मोठा डबा उचलला. तो इतका हलका होता की त्यांचा हात झटक्याने वर गेला. झाकण उघडलं. रिकामा. दुसरा उघडला. रिकामा. तिसरा नुसता हलवून बघितला.

"मीठ कुठे असतं तुमच्याकडे?"

"अं?"

"मीठ. घरात मीठ कुठे ठेवता?"

मी ट्रॉली ओढली. त्यात चकाकणाऱ्या वाट्या होत्या, मीठ नव्हतं. दुसरी ओढली. स्वतःच्या घरात मी मीठ शोधत होतो आणि बाई हाताची घडी घालून बघत होत्या. एवढ्यात गॅलरीतून आवाज आला, "इकडे आहे, बाई."

बाई गॅलरीत गेल्या. मी मागोमाग. ताडपत्री, काळी झालेली भिंत, रॉकेलचा वास, खोक्यात डाळींच्या पुड्या. पाटावर बसून बायको परातीत भाकरी थापत होती आणि तिने पिठाच्या हाताने मिठाची बरणी पुढे केली होती.

"इथे का करतेस स्वयंपाक?" बाईंनी विचारलं.

बायकोने माझ्याकडे बघितलं. काहीतरी सांगता आलं असतं. गॅस संपलाय, चिमणी बसवायची आहे, काहीही. ती म्हणाली, "आतलं दाखवायला ठेवलंय."

बाई मागे वळल्या. बाहेर आल्या, चपला घातल्या. दाराशी थांबून एवढंच म्हणाल्या, "मला स्वयंपाकघर बघायचं होतं. तुम्ही मला दुकानाची काच दाखवलीत." आणि जिना उतरून गेल्या.

मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. दार लावून घेतलं आणि तोंडाला येईल ते बोललो. तुला गप्प बसता येत नव्हतं का, एवढ्याशा मिठापायी सगळं घालवलंस, तुला जायचंच होतं घोटीला, तर आधी सांगायचं होतंस. तिने स्टोव्ह विझवला. मग उठली. परात उचलली, काखेत पिठाचा डबा घेतला आणि सरळ आत आली. माझा ओटा. तिने परात ग्रॅनाइटवर आपटली, शेगडी पेटवली, तवा ठेवला.

"बघा आता," ती म्हणाली. "नीट बघा."

ती भाकरी थापायला लागली. मी बघितलं. ओटा जवळपास तिच्या छातीशी येत होता. भाकरी थापायची तर तळव्यावर वरून भार द्यावा लागतो. तिची कोपरं खांद्यापर्यंत वर आलेली, भार द्यायला वर जागाच नाही. तळवा नुसता पिठावर घसरत होता. भाकरी एका अंगाला जाड, दुसऱ्या अंगाला फाटलेली. तिच्या कपाळावर घाम आला. मग ती गॅलरीत गेली, पाट आणला, ओट्याखाली ठेवला आणि त्यावर चढून उभी राहिली. भाकरी गरगर फिरायला लागली.

"दूध उतू घातलं तेव्हा मी टाचा उचलून उभी होते," ती तव्यावर भाकरी टाकत म्हणाली. "तुमचा चेहरा एवढा खुलला होता की म्हटलं, जाऊ दे."

"मग बोलली का नाहीस?"

"आत येऊ कुठं दिलंत?"

मी खाली बसलो. फरशीवरच. चैत्रापासून जगाला ओरडून सांगत होतो की माझं काम बघा, आणि ते काम माझ्याच घरातल्या माणसाच्या मापाचं नव्हतं. मिस्त्रीच्या मापाचं होतं. आमच्या नाशिकमधल्या कितीतरी घरांत त्या उंच गड्याच्या कमरेएवढे ओटे असतील आणि त्यांच्यापुढे पाटांवर उभ्या बायका असतील. शरमेपेक्षा मला भीती वाटली. या एका ओट्याच्या जिवावर मी उभा होतो आणि तो ओटाच चुकीचा होता. आता काहीच उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जाऊन मिस्त्रीला घेऊन आलो. काम काय ते ऐकून तो दारातच अडला. "सायेब, पितरं चालू हायेत. या दिसांत नवं काम कोन काढतं का?"

"नवं कुठंय? तोडायचंय."

"समदा ओटा?" त्याला वाटलं मला वेड लागलंय. खरं तर थोडं लागलंच होतं. घोटीला तर जायचंच आहे, मग दिवाळीपर्यंत का होईना, हिला हिच्या मापाचा ओटा मिळू दे, एवढाच माझ्या डोक्यात हट्ट होता. त्यात शहाणपण काहीच नव्हतं. गाठीला होतं तेही मी त्यात घालवत होतो आणि गिऱ्हाइकाला दाखवायची एकमेव वस्तू स्वतःच्या हाताने मोडत होतो.

माप घ्यायची वेळ आली तशी पंचाईत झाली. मिस्त्रीने परक्या बाईच्या कमरेशी टेप कसा धरायचा? तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मग बायकोनेच कोपर दुमडलं, परातीत हात असावा तसा, आणि कोपराखाली चार बोटं सोडून भिंतीवर खडूने रेघ मारली. "इथं," ती म्हणाली. मिस्त्रीने वळून रेघ पाहिली, आपल्या कमरेकडे पाहिलं आणि डोकं खाजवलं. "आमची बायको तर यांच्याहूनबी बुटकी हाये," तो हळूच म्हणाला.

ग्रॅनाइट उचलताना एक कोपरा टवकला. फळांच्या टोपल्या फुटल्या, तशा टाइल्स परत मिळाल्या नाहीत, तिथे साध्या पांढऱ्या लावल्या. ओटा खाली आला. दिसायला आधीच्या निम्माही देखणा राहिला नाही. बायकोने त्यावर भाजी फोडणीला टाकली, मोहरी तडतडून भिंतीवर उडाली आणि मी फडकं घ्यायला उठलो नाही.

जेवताना ती म्हणाली, "बाईंकडं जाऊन येऊ."

"कशाला? दाखवायला आता काय राहिलंय?"

"काहीच नाही, हेच सांगू. मिठाचं मी बोलले ना, मीच येते." तिने टेप पर्समध्ये टाकला.

बाईंनी फाटकातच उभं केलं. बायको म्हणाली, "बाई, तो ओटा ह्यांनी तोडला. मला उंच होत होता." बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "दाखवायला माझ्याकडे आता काहीही नाही. फक्त तुमचं माप घेऊ द्या. काम कुणालाही द्या, माप बरोबर असू द्या."

बाईंनी फाटक उघडलं. मग आत घेऊन गेल्या. त्यांचं स्वयंपाकघर जुनं, कडाप्प्याचा ओटा, कडा झिजून गुळगुळीत. बायको म्हणाली, "तुम्ही रोज पोळ्या लाटता तशा उभ्या राहा ना." ताठ चालणाऱ्या त्या बाई ओट्यापुढे उभ्या राहिल्या आणि कमरेतून वाकल्या. एवढ्या वाकल्या की अंबाडा खाली झुकला. ओटा त्यांच्या मांडीला लागत होता. बायकोने त्यांना सरळ केलं, कोपर दुमडायला लावलं, टेप धरला आणि मला आकडा सांगितला. जुन्या ओट्यापेक्षा तो कितीतरी वर होता.

"हा सासूबाईंसाठी बांधलेला," बाई म्हणाल्या. "ठेंगण्या होत्या त्या. मी लग्न होऊन आले तेव्हापासून वाकतेय. डॉक्टर म्हणतात मणका झिजलाय. मला वाटायचं, शाळेत उभं राहून झिजला." त्यांनी ओट्यावर तळवा ठेवला. "घर बघायला किती कंत्राटदार येऊन गेले. सगळ्यांनी भिंती मोजल्या."

मला वाटलं आता हो म्हणतील. नाही म्हणाल्या. म्हणजे, काहीच म्हणाल्या नाहीत. "पक्ष संपू दे," एवढंच.

ते दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. बायकोने कपड्यांच्या ट्रंका माळ्यावरून खाली काढून ठेवल्या होत्या, घोटीला लागतील म्हणून, आणि मी येताजाता त्यांना ठेचकाळत होतो. सर्वपित्रीला काकस्पर्शासाठी गच्चीत ठेवलेल्या पानावर कावळा लगेच आला, तर मला आशा वाटली. दुपारी वाटलं, पितर तृप्त झाले म्हणजे काही बाईंनी काम दिलं असं नव्हे. घटस्थापनेच्या सकाळी आम्ही आंघोळी करून गंगापूर रोडला गेलो. बाईंचे घट बसले होते. त्यांनी आम्हाला प्रसाद दिला आणि म्हणाल्या, "आधी फक्त स्वयंपाकघर. ते फराळाआधी झालं, तर पुढचं बोलू. आणि तुम्ही एकटे नाही यायचं, हिला आणायचं."

बाहेर आल्यावर मला स्कूटर सुरूच करता येईना. बायकोने किक मारली.

पुढे कित्येक वर्षं आमच्या धंद्याची रीत हीच राहिली. मी भिंती मोजायचो, बायको घरातल्या बाईला उभं करून कोपर दुमडायला लावायची. पुरुष गिऱ्हाइकं सुरुवातीला हसायची, त्यांच्या बायका हसायच्या नाहीत. दोन हजार सालानंतर मोठमोठी दुकानं आली, तयार किचनं आली, सगळी एका उंचीची. तेव्हाही आमचं बरं चाललं. आधीचं काम दाखवा असं कुणी म्हटलं की मी बाईंचा पत्ता द्यायचो. आमचं स्वतःचं स्वयंपाकघर मात्र मी नंतर कधीच कुणाला दाखवलं नाही. ते बघून माणूस पळून गेला असता.

त्या दिवाळीत बाईंच्या ओट्यावर चकल्या झाल्या. वसुबारसेच्या दिवशी सासरे आमच्याकडे आले, न कळवता, टेम्पो घेऊन. काम मिळाल्याचं आम्ही कळवलं नव्हतं, म्हणून आमचं सामान न्यायला. खाली टेम्पो उभा करून ते एक तांदळाचं पोतं खांद्यावर घेऊन दोन मजले चढून आले, कारण रिकाम्या हाताने लेकीच्या घरी यायचं नाही, ही त्यांची पद्धत. सासरेही उंच. पोतं घेऊन थेट स्वयंपाकघरात शिरले आणि ओट्यावर टेकवायला गेले, तर अंदाज चुकला आणि झोक गेला.

"एवढा बुटका?" ते म्हणाले. टवकलेल्या कोपऱ्यावरून, साध्या टाइल्सवरून, भिंतीवरच्या मोहरीच्या डागांवरून त्यांची नजर फिरली. मग मवाळ आवाजात, मला लागू नये अशा बेताने म्हणाले, "चुकला काय हो, जावईबापू?"

मी तोंड उघडण्याआधी बायको ओट्यापुढे जाऊन उभी राहिली. पाटाशिवाय, टाचा जमिनीला टेकवून. "नाही आप्पा, माझ्या मापाचा आहे," ती म्हणाली. "पाडव्यानंतर दोन दिवस येते मी. पाहुणी म्हणून."

सासऱ्यांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. टेम्पोवाल्याचा हॉर्न खालून वाजत होता. त्यांनी मुंडाशाच्या टोकाने मान पुसली आणि पोत्याची शिवण उसवायला लागले.

"बरं, तांदूळ कुठं ओतू?"

बायकोने मोठा डबा पुढे ओढला आणि त्याचं झाकण काढलं.